भरती पाहून दाखवलेलं घर

खाडीसमोरचं घर गिऱ्हाइकाला कधी दाखवायचं? भरतीला! दुसऱ्या कुठल्याही वेळेला नाही. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा, आणि तो मला शिकवला करावे गावच्या एका मासेवालीने. ती म्हणाली, "ताई, तिथीची पाऊनपट कर, पुऱ्या भरतीचा टाईम निघतो." म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाला पाणी काठोकाठ. चतुर्दशी असेल तर साडेदहा. भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं, मनातल्या मनात गुणाकार करायचा आणि फोन लावायचा, "बरोब्बर साडेदहाला या हं, नंतर मला वेळ नाही." गिऱ्हाईक आलं की मी हॉलची सरकती काच ओढायचे आणि समोर हे एवढं चमचमतं पाणी! बायका "अय्या" म्हणून नवऱ्याचा दंड धरायच्या. तेच सहा तासांनी आणलं असतं तर समोर काळाकुट्ट चिखल, तिवरांत अडकलेल्या पिशव्या आणि असा वास की घरमालकच नाकाला रुमाल लावेल.

ही फसवणूक का? मला कधी वाटली नाही. मुलगी दाखवायच्या दिवशी तिला पावडर लावतातच की. भरती काय मी माझ्या पदरची आणत होते? रोज दोनदा येतेच ती. मी फक्त वेळ साधत होते.

मी शालन जगदाळे. वय सदुसष्ट. माहेर कोरेगाव, सासर कोरेगावच्या पलीकडे, आणि संसार नेरूळला. गेल्या वर्षी माझ्या ऑफिसचं शटर खाली ओढलं. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, चार खुर्च्या. त्याआधी तीस वर्षं नेरूळ, सीवूड्स आणि जुईनगर एवढ्या टापूत मी लोकांना घरं दाखवली. संपादकबाई म्हणाल्या, तुमचे अनुभव लिहा. मी म्हटलं, बाई, मला बोलता येतं, लिहिता येत नाही. तर म्हणाल्या, बोलता तसंच लिहा. आता भोगा!

या धंद्यात मी शिरले ती चाव्यांमुळे. आम्ही आलो तेव्हा मुंबईकरांनी इथे घरं घेऊन ठेवली होती, पण राहायला येईनात. तिकडे परळला एका खोलीत सात माणसं, आणि इथे दोन खोल्यांचं घर कुलूपबंद. का, तर "तिकडे काय आहे?" आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये राहणारं एकच कुटुंब, ते म्हणजे आम्ही. मग जो तो चावी आमच्याकडे टाकून जायचा. "वहिनी, जरा पाण्याचा नळ बघा हं. वहिनी, पावसात खिडकी बघा हं." बघता बघता स्वयंपाकघरातल्या खिळ्यांवर एकोणीस चाव्या लटकल्या. पुढे एक जण म्हणाला, "वहिनी, कोणी भाडेकरू मिळाला तर ठेवा." ठेवला. दुसऱ्याने विकायला सांगितलं. विकलं. आमचे हे बँकेतून यायचे आणि म्हणायचे, "तू नळ बघत होतीस ना? हे कधी सुरू केलंस?"

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक निवृत्त मास्तर खिशात काचेची गोटी घेऊन यायचे. प्रत्येक खोलीच्या मधोमध गोटी ठेवायची आणि ती कुठे घरंगळते ते बघायचं. अकरा घरं बघितली, अकराही घरांत गोटी घरंगळली. शेवटी मी म्हटलं, "गुरुजी, गोटी गोल आहे, ती घरंगळणारच." मास्तर खो खो हसले आणि बारावं घर घेतलं. दुसरी एक बाई लालबागची. सगळं घर बघून झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारते, "इथे भांडायला शेजारी आहेत का हो? मला अशी शांतता सहन होत नाही." तिला मी मुद्दाम लिफ्टसमोरचं घर दिलं. सुखात आहे.

माझी एक पद्धत होती. घर नंतर, आधी गाव. गिऱ्हाईक आलं की मी त्याला पहिल्यांदा फेरीला न्यायचे. कारण घराच्या भिंती सगळीकडे सारख्याच, विकायचं असतं ते भिंतीबाहेरचं. आणि आमच्याकडे बाहेर काय नाही! स्टेशनं अशी ऐसपैस की आत लग्न लावून घ्यावं. सीवूड्सला तर स्टेशनच्या डोक्यावर आख्खा मॉल. डोंगर आहे, खाडी आहे, तळी आहेत, बागा आहेत, आणि थंडीत तळ्यांवर गुलाबी फ्लेमिंगो! पहिल्यांदा बघणारा माणूस गप्पच होतो, मोबाईल काढायचंसुद्धा विसरतो. मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी माझ्या अंगावर काटा येतो. पत्ता सांगायचा तर गल्ली नाही, बोळ नाही, सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. मुंबईवाले हसायचे, म्हणायचे, हे काय जेलसारखे नंबर! हसा म्हटलं. तीच माणसं आता इथलं घर सोडायला तयार नाहीत. कोणी तिकडे मुंबईत मोठं घर देतो म्हटलं तरी "नको बाबा, तिकडे काय आहे?" म्हणतात. हे ऐकलं की मला जो आनंद होतो ना, तो विचारू नका.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

दोन वर्षांपूर्वी, माघातली गोष्ट. माझ्या ऑफिसात एक डॉक्टरीण आली. रुबीना मुकादम, दातांची डॉक्टर. नेरूळला दवाखाना, राहायला जुईनगरला भाड्याने, नवरा जहाजावर, वर्षातले सहा महिने घराबाहेर. माहेर मोऱ्याचं. मोरा म्हणजे उरणचा धक्का, जिथून मुंबईला लाँच सुटते. वडील त्याच लाँचवर सरंग होते. सरंग म्हणजे लाँच चालवणारा, तिथला कॅप्टनच म्हणा. आई जाऊन तीन वर्षं झाली, आणि म्हातारा त्या घरात एकटा.

"गेल्या महिन्यात अब्बा मोरीत पडले," ती म्हणाली. "सकाळी सहाला पडले, शेजारच्यांना दुपारी दोनला कळलं. आठ तास, शालनताई! ओल्या फरशीवर. मी रोज फोन करते, त्या दिवशी पेशंट होते म्हणून नाही केला." मग म्हणाली, "इकडे या म्हणते तर येत नाहीत. शेवटी काल कबूल झाले. पण म्हणाले, एक दिवस देतो तुला. एक दिवस येतो, घर बघतो. नाही पटलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. आणि ते शब्दाचे पक्के आहेत. नाही म्हणाले तर नाहीच. मग पुढच्या वेळी कोणाला कधी कळेल, मला सांगा."

मी म्हटलं, "अजिबात टेन्शन घेऊ नकोस. मी आहे ना!" असं म्हणायची मला सवयच होती. पण माझ्याकडे खरंच विकायला घर होतं. सीवूड्सला, चौथा मजला, हॉलची आख्खी भिंत खाडीकडे. मालक पुण्याला, चावी माझ्याकडे. कॅलेंडर बघितलं. गुरुवारी चतुर्दशी. साडेदहा!

या वेळी मी फेरी आधी नाही काढली. म्हटलं, म्हातारा माणूस, दमायच्या आत हुकमाचं पान टाकावं.

गुरुवारी रुबीनाचे वडील, मुकादमचाचा आले. उंच, काटक, पांढरी दाढी, हातात काठी आणि ती काठी आपली नाहीच असा चेहरा. हॉलमध्ये आले, मी काच ओढली. पाणी काय सुंदर दिसत होतं! ऊन वर नाचतंय, तिवरांची टोकं तेवढी वर. रुबीना वडिलांच्या तोंडाकडे बघत होती, मी तिच्या.

चाचा काठी टेकत काचेपर्यंत गेले. मग म्हणाले, "पानी झकास हाय."

"आहेच मुळी!" मी म्हटलं.

"आज चौदस ना ताई?"

मी मान डोलावली.

"चौदाची पाऊनपट साडेदहा. आता वाजले किती? दहा पस्तीस." ते माझ्याकडे वळले आणि मिशीत हसले. "तुमी भरती बघून आनलंत आमाला."

रुबीनाला काही कळेना. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने हे पकडलं नव्हतं. आणि मी मूर्ख बाई, आयुष्यभर लाँच चालवलेल्या माणसाला भरतीची वेळ साधून घर दाखवत होते! मोऱ्याच्या धक्क्याला ओहोटीत गाळ वर येतो, लाँच लागत नाही. या माणसाने चाळीस वर्षं रोज सकाळी उठून हाच गुणाकार केलेला.

"वांदा नाय," ते म्हणाले. "तुमचा धंदा हाय. पन भरतीला सगळ्या खाड्या सारख्याच दिसतात, ताई. आता हेच घर ओहोटीला दाखवा."

"ओहोटी पावणेपाचला," मी पडलेल्या आवाजात म्हटलं.

"मग थांबतो. दिवस दिलाय मी पोरीला. दिवस म्हनजे संध्याकाळपर्यंत."

सहा तास! रुबीनाने गाडी आणली होती. मी मनात म्हटलं, शालन, गेलेली अब्रू भरून काढायला सहा तास मिळालेत, आता सगळं दाखव. आणि मी दाखवलं! पाम बीच रस्त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. चाचा म्हणाले, "रस्ता लांब हाय." मॉलमध्ये नेलं, सरकत्या जिन्यावर चढवलं. "खाली आगगाडी, वर बाजार. आवाज नाय होत?" एवढंच. बागेत नेलं, जिथे त्यांच्या वयाचे लोक टाळ्या वाजवून हसायचा व्यायाम करतात. ते उभे राहून बघत राहिले आणि मला हळूच विचारलं, "कोनी जोक मारला काय?" तळ्यावर नेलं. फ्लेमिंगो हजारोंनी उतरलेले, काठावर दुर्बिणी लावून माणसं. मी चाचांच्या तोंडाकडे बघतेय, आता तरी! तर म्हणाले, "हे तर आमच्याकडं पन येतात. हितं जास्त खुशीत दिसतात."

पहिली बरी ओळ मिळाली. मी लगेच पकडली. "बघा! पाखरांनासुद्धा पटलंय."

जेवायला दिवाळे गावच्या मासळी बाजाराजवळ थांबलो. तिथे चाचा कोळणीशी बोंबलावरून असे काही जुंपले की मला वाटलं आता मारामारी होते. तिने विचारलं, "कोन गावचं तुमी?" ते म्हणाले, "मोऱ्याचा." "मग आपलेच की! आधी नाय सांगायचं?" आणि तिने टोपलीच्या तळातले ताजे बोंबील काढून दिले. मी या बाजारात तीस वर्षं येतेय, मला कधी तळातले मिळाले नाहीत!

मग बेलापूरचा डोंगर. गाडी वरपर्यंत जाते. वर उभं राहिलं की आख्खी खाडी, इमारती, पूल, सगळं पायाशी. मी नेहमीप्रमाणे सुरू झाले, हा अमुक सेक्टर, तो तमुक. चाचांनी काठी उचलली.

"तो काळा पट्टा दिसतो? पान्याचा रंग बदलतो तिथं? ती खोल वाट. बाकी सगळा गाळ. मी पंचविशीत होतो तवा शिडाच्या मचव्यातनं मंगलोरी कौलं आनायचो, त्या वाटेनं, बेलापूरच्या बंदराला. आता ह्या बिल्डिंगी उभ्या हायत ना, तिथं शेतं, आनि अलीकडं मिठागरं. चांदन्यात मीठ असं चमकायचं की कंदील लागत नसे."

मी विचारलं, "आणि तो खडकासारखा भाग?" त्यांनी सांगितलं. "आणि ते वळण?" तेही सांगितलं. कुठे वारा फिरतो, कुठे भरती दोन बाजूंनी येऊन मिळते, कुठल्या गावच्या लोकांनी बुडता मचवा ओढून काढला. बापरे! तीस वर्षं मी लोकांना हे शहर दाखवलं आणि ते पाण्यावरून कसं दिसतं हे मला त्या दुपारी कळत होतं. लहान पोरीसारखी मी "मग? मग?" करत होते. रुबीना गाडीला टेकून आमच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "अम्मी गेल्यापासून इतकं बोललेच नव्हते."

पावणेपाचला पुन्हा चौथा मजला. काच ओढताना मी मनातल्या मनात सगळे देव आठवले. पाणी पार गेलेलं. चिखल, पिशव्या, आणि वास तर असा आला की मी श्वासच धरला. चाचांनी मात्र खुर्ची ओढली आणि खिडकीशी बसले. चिखलात दोन बायका खुबे, म्हणजे शिंपल्या, वेचत होत्या. पलीकडे फ्लेमिंगोंची रांग माना घालून चरत होती. आणि मधल्या अरुंद पाण्यातून एक छोटी होडी येत होती.

चाचा एकदम ताठ झाले. "अरे अरे अरे! हा डावीकडं कुठं चाललाय?" ते खिडकीतून अर्धे बाहेर वाकले. रुबीनाने मागून सदरा धरला. "ए दादूस! उजवीकडं घे! उजवीकडं! लागेल ना रे गाळाला!"

चौथा मजला, होडी केवढ्या लांब! तो ऐकणार कसा? पण काय झालं कोण जाणे, होडी जरा अडखळली आणि उजवीकडे वळली. चाचा आत आले, तोंड असं फुललेलं. "बघितलं? ऐकलं त्यानं!"

"ऐकणारच!" मी टाळीच वाजवली. "सरंगाचा हुकूम आहे!"

ते पुन्हा खुर्चीत बसले आणि मुलीला म्हणाले, "रुबी, हितं बसून मला रोज काम हाय." हे त्यांचं 'हो' होतं. रुबीना त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायलाच लागली, आणि मी, शालन जगदाळे, घर विकताना कधी न रडलेली, रुमाल शोधत होते.

त्याच संध्याकाळी सात वाजता सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. नाव लिहीत नाही. या गृहस्थांना त्या बिल्डिंगमध्ये घर मीच दिलेलं. "ताई, पार्टी आली होती म्हणे आज. डॉक्टर आहेत, चांगलं आहे. पण..."

आमच्या धंद्यात या 'पण'च्या पुढे काही बोलावं लागत नाही. एजंटला कळतं. तो फक्त "हो, आलं लक्षात" म्हणतो, पार्टीला फोन करतो आणि सांगतो, "सॉरी हं, फ्लॅट गेला." एवढंच. कोणी नाव घेत नाही, जात घेत नाही, धर्म घेत नाही. फ्लॅट गेला. ऐकणाराही पुढे विचारत नाही. मी हे वाक्य किती वेळा म्हटलं? मोजलं नाही. मी नाही म्हटलं तर दुसरा एजंट म्हणेल, आणि सोसायटीशी वाकडं घेतलं तर उद्या मला गेटमधून आत कोण सोडेल? असं मी स्वतःला सांगायचे, आणि झोप लागायची मला. खोटं कशाला लिहू?

पुण्याच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "सोसायटीचा प्रॉब्लेम नसेल तर मला काय, कोणीही चालेल. तुम्ही बघून घ्या."

मी फोन हातात घेतला. रुबीनाचा नंबर लावायचा, दोन शब्द बोलायचे, विषय संपला. पण ती काय ऐकणार होती? फ्लॅट गेला नाही, बापच गेला हातातून. ते शब्दाचे पक्के. एक दिवस दिला होता, तो संपला. दुसरं घर बघायला ते उठणार नाहीत. परत मोऱ्याला, त्या मोरीत. आणि मला एकदम असा राग आला, असा राग आला की सांगता येत नाही! कोळण म्हणते 'आपलेच की', फ्लेमिंगो येतात, कोरेगावची मी येते, कोणी रत्नागिरीचं, कोणी केरळचं, कोणी बिहारचं, सगळ्यांना इथे घर मिळतं. आणि ज्या माणसाला या खाडीची वाट न् वाट ठाऊक, त्यालाच 'पण'? कुठल्या तोंडाने मी फेरीला नेऊन हे शहर दाखवत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी सेक्रेटरींच्या घरी. लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून गेले, गुडघे बोलत होते.

"बसा ताई," ते म्हणाले. "अहो, माझं वैयक्तिक काही नाही. मेंबर लोक..."

"मान्य," मी म्हटलं. "मला फक्त लिहून द्या."

"काय?"

"सोसायटीच्या कागदावर. मुकादम नावाच्या माणसाला आमच्याकडे घर मिळणार नाही, असं. खाली तुमची सही आणि शिक्का. मी तो कागद पार्टीला देते. मला तोंडाने सांगायला लाज वाटते, म्हणून लेखी हवंय."

"असं लिहून देतात का कुठे?"

"मग असं करतात कशाला?"

ते पंख्याकडे बघायला लागले. म्हणाले, नियमात बसवून बघू, मीटिंगमध्ये ठेवू. मी म्हटलं, ठेवा, मी येते मीटिंगला, सगळ्यांसमोर कागद मागते. तेवढ्यात त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. ती आतून सगळं ऐकत होती. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "लिहा की. पेन देऊ का?"

सेक्रेटरींनी चहा घेतला. अर्धा कप संपवून बशीत ठेवला. मग म्हणाले, "आणा फॉर्म. मेंबरांचं मी बघतो."

मी बाहेर आले तेव्हा घड्याळात सव्वानऊ झाले होते. जिना उतरताना माझे गुडघे मला आठवलेही नाहीत.

कागदपत्रं झाली, दोन महिन्यांत मुकादमचाचा राहायला आले. मला चहाला बोलावलं. चाचा खिडकीशी, गळ्यात दुर्बीण, शेजारच्या दोन पोरांना खोल वाट कुठली ते शिकवत होते. सेक्रेटरींची बायको लोणच्याची बरणी देऊन गेलेली. मी फुलून गेले होते. स्वयंपाकघरात रुबीनाला मी सगळं सांगून टाकलं. तो 'पण', तो कागद, तो पेन. इतके दिवस दाबून ठेवलं होतं, म्हटलं आता सांगायला हरकत नाही. खरं तर शाबासकी हवी होती मला.

रुबीना कपात चहा गाळत होती. म्हणाली, "मला वाटलंच होतं, ताई. सहा वर्षांपूर्वी मी आणि अम्मी तुमच्याकडे आलो होतो. दवाखाना नवीन होता, तेव्हा."

"माझ्याकडे?"

"तुम्ही आम्हाला फेरीला नेलं होतं. तळं, पक्षी, डोंगर. मग घर दाखवलंत. ही बिल्डिंग नाही, पलीकडची. अम्मीला खूप आवडलं. दोन दिवसांनी तुमचा फोन आला. फ्लॅट गेला."

आठवायचा प्रयत्न केला. खरं सांगते, मला त्या बाई आठवल्या नाहीत. त्यांचा चेहरा, साडी, आवाज, काहीच नाही.

"मग तरी माझ्याकडेच आलीस?"

"बाकीच्या एजंटांनी नाव ऐकून घरसुद्धा दाखवलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही दिवसभर आमच्याबरोबर फिरलात. अम्मी मोऱ्याला जाऊन आठवडाभर सगळ्यांना तेच सांगत होती, तिथे असं आहे, तिथे तसं आहे. मी चिडले होते तुमच्यावर. ती म्हणायची, नको गं, चांगली बाई आहे ती, तिचा काहीतरी नाइलाज असेल."

तिने कप माझ्या हातात दिला. बाहेरून चाचांची हाक आली, "शालनताई, या लवकर, पानी चढतंय!" मी कप ओट्यावर ठेवला. नाइलाज वगैरे काही नव्हता माझा. तेव्हाही असेच तीन मजले चढायचे होते आणि पंधरा मिनिटं बसायचं होतं.